दुसऱ्याच्या डब्यातला घास

दप्तरातून काढताना डबा हलका लागला, म्हणून प्रियदर्शनीला आधी बरंच वाटलं. शाळेचा दुसरा आठवडा चालू होता आणि तिच्या लेकीचा, सुजाताचा डबा आजवर निम्म्याहून जास्त भरलेलाच परत आला होता. बेसिनपाशी उभं राहून तिनं झाकण उघडलं. सकाळी भरलेली मऊ खिचडी नव्हती. कडेला दोन-चार शितं चिकटलेली होती आणि मधोमध धपाट्याचा एक तुकडा पडलेला होता. चांगलं खरपूस भाजलेलं धपाटं, तीळ लावलेलं, कडा वाळून कडक झालेली. तुकड्याला दोन चावे घेतलेले होते. लहान, अर्धगोल चावे, आणि दोन्हींत मधे बारीकशी फट, सुजाताच्या पुढच्या दातांत आहे तेवढीच. तिनं तो तुकडा उचलून बोटांत दाबून पाहिला. तो दबला नाही. नळ चालूच राहिला होता, पाणी डब्यात भरून बाहेर वाहायला लागलं तरी तिच्या ध्यानात आलं नाही.  

"सुजू," तिचा आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "हे कुणी दिलं तुला?"

सुजाता बाहेरच्या खोलीत आजीच्या मांडीवर पाय टाकून बूट काढून घेत होती. "ओवीनं."

"ओवी कोण?"

"माझ्या बाजूला बसती ती."

"आणि तू खाल्लंस?"

"हां."

"मंग? अडकलं का? खोकला आला? मिस काय म्हणाल्या?"

सुजातानं मान वर केली. एवढे प्रश्न एकदम कशाला, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "न्हाई अडकलं. मी चावलं, चावलं, चावलं. मंग पाणी पिले. मंग गेलं." गेलं म्हणताना तिनं हात गळ्यावरून खाली पोटापर्यंत नेला, शाळेत कवितेला हातवारे शिकवतात तसा. "माझी खिचडी ओवीनं खाल्ली. तिला लई आवडली."

कांताबाईंनी दुसरा बूट ओढून काढला. "गेलं ना आत? मंग झालं तर. कशाला लेकराला उलटंपालटं विचारू राह्यली?"

आत जाणं. बाकीच्यांच्या घरात या शब्दांना काही अर्थ नसतो. घास तोंडात जातो, तिथून आत जातो, त्याचं पुढं काय होतं ते कुणी विचारत नाही. या घरात चार वर्षं दुसरं काही विचारलंच गेलं नव्हतं. सुजाता जन्मली तेव्हा तिच्या तोंडातून सारखा फेस येत होता आणि पहिला चमचा तोंडाला लावताच ती निळी पडली. तिची अन्ननलिका मधेच संपलेली होती. वरचं टोक बंद, खालचं टोक पोटाला लागून, आणि दोन्हींच्या मधे नुसती रिकामी जागा. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. दोन रेघा आणि मधे कोरा कागद. तो कोरा कागद प्रियदर्शनीला अजून दिसायचा. भात कुस्करताना, दूध गाळताना, कधी नुसती खिडकीतून बाहेर बघताना. लगेच जोडता येण्यासारखं नव्हतं. मग पोटाला छिद्र पाडून नळी बसवली, आणि मानेच्या डाव्या बाजूला दुसरं छिद्र, तोंडातली लाळ बाहेर निघायला. दीड वर्ष सुजाता त्या नळीवर जगली. दूध सिरिंजमधे ओतायचं, मागचा दट्ट्या काढून ठेवायचा, सिरिंज हातभर उंच धरून बसायचं आणि दूध आपल्या वजनानं उतरू द्यायचं. ढकलायचं नाही. ढकललं की लेकरू कळवळायचं. रात्रंदिवस कुणीतरी एक जण हात वर करून बसलेलं असायचं, आणि बहुतेक वेळा त्या कांताबाई असायच्या. जन्मभर आष्टीच्या शिवारात दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केलेला तो हात कधी थरथरायचा नाही. "माझा हात वर धरायचा बाकी राह्यल्ता," असं म्हणून त्या हसायच्या.

नाव त्यांनीच ठेवलं होतं. बुद्धाला खीर खाऊ घालणाऱ्या बाईचं. पाचवीच्या दिवशी आष्टीहून निरोप आला होता की नाव सुजाता ठेवा, आणि सुजाताचा बाप राजानंद दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला होता, की जिनं देवासारख्या माणसाला जेवू घातलं तिचं नाव, आणि हिच्या घशात थेंब उतरत नाही.

दुपारी सुजाता झोपली तेव्हा प्रियदर्शनी तिच्या शेजारी आडवी झाली आणि तिच्या छातीला कान लावून पडून राहिली. पंखा घरघरत होता. बाहेर रस्त्यावर बियाण्यांच्या गोण्यांचा टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याची टूं टूं चालू होती. पेरणीचे दिवस होते, नवीन जालन्याच्या या भागात जूनमधे सगळे रस्ते बियाण्याच्या गाड्यांनी भरून जातात. छातीत घरघर नव्हती. श्वास साफ होता. तरी तिला वाटत राहिलं की कुठंतरी आत, त्या जोडाच्या जागी, धपाट्याचा एक कण बसलेला आहे आणि तो आपली वेळ येण्याची वाट बघतोय. जोड म्हणजे मोठं ऑपरेशन. दीड वर्षाची झाल्यावर ते झालं. नंतर ती जागा पुन्हा पुन्हा आवळली, पुन्हा पुन्हा दुर्बीण घालून रुंद करून आणली. प्रत्येक वेळी संभाजीनगरच्या दवाखान्याचा तोच रस्ता, प्रत्येक वेळी उपाशीपोटी नेलेलं लेकरू. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, आता काही लागणार नाही, नीट चावून पाणी पीत खाल्लं तर हिला सगळं चालेल. सगळं. राजानंदनं तिथल्या तिथं पेढे आणले होते. प्रियदर्शनी मात्र घरी येऊन पूर्वीसारखाच भात गुरगुट्या शिजवत राहिली. पोळी दुधात भिजवून, बोटानं चुरून, एकही घट्ट कण राहणार नाही अशी. डॉक्टरांनी सांगितलेलं तिला पटलं नव्हतं असं नाही. पटलेलं हातापर्यंत पोचलं नव्हतं. हाताला अजून कोरा कागदच ठाऊक होता.

आणि शाळेचा डबा तर तिनं एखादं औषध भरावं तसा भरला होता. गुलाबी रंगाचा, सुजातानं स्वतः पसंत केलेला, झाकणावर ससा. पहिल्या दिवशी ती पहाटेच उठून बसली होती. रव्याची खीर करावी, तर ती थंड झाल्यावर घट्ट होते. उपमा कोरडा पडतो. शेवटी मुगाची खिचडी केली, तूप घालून इतकी मऊ की चमच्यानं उचलली तर घसरून पडावी. शिक्षण तिचं डी.एड. झालेलं होतं, सुजाता होण्याआधी तिनं एका खाजगी शाळेत तीन-चार वर्षं शिकवलंही होतं. तेव्हा डब्याच्या सुट्टीत मुलांमधून फिरताना एकेका डब्यातून येणारा वास तिला आवडायचा. लसणाची चटणी, गूळ-पोळी, वांग्याचं भरीत. मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालायची आणि ती मुद्दाम दुसरीकडं बघायची. आता आपल्या लेकीच्या मिसला तिनं पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं, मानेवरचा व्रण दाखवला होता, पोटावरचा दाखवला नव्हता. सुजाता त्याला आपली दुसरी बेंबी म्हणायची. मिस घाबरल्या नाहीत, नुसतं "बरं ताई, लक्ष ठेवू" म्हणाल्या. ते एवढ्या सहज म्हणाल्या की प्रियदर्शनीला राग आला होता. लक्ष ठेवणं म्हणजे काय ते यांना काय ठाऊक.

संध्याकाळी राजानंद आला. तो एका बियाणे कंपनीचा माल गावोगावच्या दुकानांत पोचतोय की नाही ते बघायचा, मोटारसायकलवर दिवसभर; आल्यावर आधी बादलीभर पाण्यानं तोंड धुवायचा. तिनं टॉवेल देता देताच सांगितलं.

"खाल्लं?" त्याचा चेहरा उजळला. "धपाटं?"

"हसू नका. अडकलं असतं म्हणजे?"

"पण न्हाई ना अडकलं."

"उद्या अडकंल. कुणी शेंगदाणे देईल, कुणी बोरं देईल. मी उद्या जाऊन सांगते. कुणाचंच काही देऊ नका तिला म्हणून. तिला वेगळं बसवा म्हणावं डब्याला."

टॉवेल गळ्यात तसाच ठेवून राजानंद दारात उभा राहिला.  मग म्हणाला, "वेगळं बसवा म्हणू नको, प्रिया."

त्या शब्दाचं वजन दोघांनाही ठाऊक होतं. कांताबाई आत कणीक मळत होत्या, त्यांचा हात थांबल्याचं कळलं. त्या लहान होत्या तेव्हा त्यांना शाळेत वेगळं बसवायचे, एवढं त्यांनी एकदाच सांगितलं होतं, तेही काहीतरी दुसरं सांगता सांगता.

"जा तू उद्या," राजानंद म्हणाला. "पण बघायला जा. बघून मंग काय ते ठरव."

म्हणून दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीच्या सुमाराला प्रियदर्शनी शाळेच्या फाटकात उभी होती. वाटेत तिनं सगळी वाक्यं जुळवली होती. नम्र, पण ठाम. त्यात वेगळं बसवा हे नव्हतं. माझ्या मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे, हे होतं. ते वाक्य तिनं चार वर्षांत इतक्या ठिकाणी म्हटलं होतं, खिडक्यांवर, काउंटरवर, बसच्या कंडक्टरजवळ, की ते तोंडातून आपोआप निघायचं. शाळा म्हणजे दोन मजली घरच होतं, खालच्या मजल्यावर लहान मुलांचे वर्ग. व्हरांड्यात शाळेतल्या मावशी, उषाबाई, पाण्याच्या बाटल्या एका रांगेत लावत होत्या. "आत जायचं का? का इथूनच बघता?" त्यांनी विचारलं. असं विचारलं की जणू रोज कुणी ना कुणी आई अशी येऊन उभी राहतच असते. उषाबाई बाटल्या घेऊन आत गेल्या आणि प्रियदर्शनी खिडकीच्या कडेला सरकली, जिथून आपण दिसणार नाही.

मुलं सतरंजीवर गोल करून बसली होती. मिसनी श्लोकासारखं काहीतरी म्हणवून घेतलं आणि एकदम सगळी झाकणं उघडली. तो आवाज तिला ओळखीचा होता. आणि तो वासही. सुजाता दिसली. तिचा ससा असलेला डबा तिच्या मांडीपुढं होता, आत सकाळचा दूधभात, साखर घालून कालवलेला. सुजातानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं मान लांब करून शेजारच्या डब्यात बघितलं. शेजारी दोन घट्ट वेण्या घातलेली, गुबगुबीत मुलगी, ओवी असणार. ओवीनं आपल्या डब्यातून पोळीची गुंडाळी काढून मधोमध तोडली आणि अर्धी सुजाताच्या हातात ठेवली, काही न विचारता. मग सुजाताचा डबा आपल्याकडं ओढून दूधभात खाऊ लागली. व्यवहार बरोबरीचा झालेला होता. दोघींपैकी कुणालाही त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

सुजातानं चावा घेतला. प्रियदर्शनीनं खिडकीचा गज धरला. जबडा हलत होता, एका गालात, मग दुसऱ्या गालात. ती चावत होती. तिला हे कुणी शिकवलं? घरी तर चावण्यासारखं काही मिळतच नव्हतं. मग तिनं गिळलं, आणि तिचा चेहरा थांबला. डोळे एका जागी स्थिर, मान किंचित वर ताणलेली, खांदे उचललेले. हा चेहरा प्रियदर्शनीला झोपेतही ओळखू आला असता. अडकलं. तिच्या पायातली चप्पल निसटली, एक पाऊल उंबऱ्यावर पडलंसुद्धा. पण आत कुणीच उठलं नव्हतं. सुजाता रडत नव्हती. तिनं हात मागं केला, न बघता, आणि उषाबाईंनी चालता चालता त्या हातात बाटली दिली. सुजातानं एक घोट घेतला. थांबली. दुसरा घोट घेतला. मग बसल्या जागी दोनदा उसळी मारल्यासारखं केलं, ओवीनंही तिच्याबरोबर उसळी मारली, आणि दोघी खदखदून हसल्या. घास गेला. सुजातानं हातातल्या पोळीकडं पाहिलं आणि पुन्हा चावा घेतला.

उषाबाई बाहेर आल्या तेव्हा प्रियदर्शनी भिंतीला टेकून उभी होती, एक पाय अनवाणी.

"मावशी, तुम्हाला कसं कळलं पाणी द्यायचं?"

"मला काय कळतंय बाई," उषाबाई म्हणाल्या. "तीनंच सांगितलं पहिल्या दिवशी. मावशी, मला घोट घोट पाणी लागतं, माझा रस्ता बारीक हाय. आता ती हात मागं करती, मी बाटली देते. चप्पल घाला, खाली ओलं हाय."

माझा रस्ता बारीक आहे. हे वाक्य सुजातानं कुठून आणलं असेल? दवाखान्यात कुणीतरी बोललेलं ऐकलं असेल, का तिचं तिनंच बनवलं असेल. प्रियदर्शनी व्हरांड्यातल्या बाकावर बसली. जुळवलेली वाक्यं कुठं गेली ते तिला कळेना. पोळीचा वास येत होता, तेलाचा, कुणाच्या तरी डब्यातल्या मेथीचा, आणि त्या सगळ्यांत मिसळून, काही कारण नसताना, दवाखान्याचा वास आला. फिनाईल आणि दूध.

लेकराला जन्मल्यावर लगेच संभाजीनगरला हलवलं होतं, पण बाळंतपणात तिला टाके पडलेले होते म्हणून ती मागाहून पोचली होती. तोवर तिचं दूध आटून गेलेलं. काचेपलीकडं नळ्यांमधे लेकरू आणि अलीकडं आपण, छाती कोरडी. ऑपरेशन झालं होतं, पोटातली नळी आता वापरायची, आईचं दूध असेल तर उत्तम, असं डॉक्टर म्हणाले होते आणि ती मान खाली घालून बसली होती. ज्या वॉर्डात तिला खाट मिळाली तिथं शेजारच्या खाटेवर भोकरदनकडच्या धावडा गावची एक बाई होती. वंदना. तिचा मुलगा वेळेच्या आधी झाला आणि आदल्या दिवशी गेला होता. आणि तो गेल्यावर तिला दूध आलं होतं. छाती दगडासारखी झालेली, अंगात ताप, ती भिंतीकडं तोंड करून कण्हत पडायची. वॉर्डातल्या बाया सांगायच्या, कापड घट्ट बांध. नर्स सांगायची, पिळून काढा अन् टाकून द्या. ती मोरीपर्यंत जायची आणि तशीच परत यायची.

प्रियदर्शनीच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण तोंडातून कसं काढायचं? ज्या बाईचं लेकरू काल गेलं तिच्याकडं काय मागायचं? कांताबाई उठल्या. आयुष्यात कुणापुढं हात पसरायचा नाही हा ज्यांचा एकच हट्ट होता, त्या कांताबाई खाटेशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, टाकून देऊ नको. माझ्या नातीला दे."

वंदनानं वळून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग गाव विचारलं. कांताबाईंनी सांगितलं. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं. वंदना परत भिंतीकडं वळली. प्रियदर्शनीनं डोळे मिटून घेतले होते. सासूबाईंनी विचारायला नको होतं असं तिला वाटलं, आणि आपण न विचारल्याचीही लाज वाटली. कितीतरी वेळानं पदराची चाहूल लागली. वंदना समोर उभी होती, हातात स्टीलची वाटी, वरून पदर झाकलेला. "ह्ये घ्या," एवढंच म्हणाली. तिचे सगळे रिपोर्ट आधीच झालेले होते, ते बघून डॉक्टरांनी मान हलवली, आणि कांताबाईंनी पहिल्यांदा सिरिंज उंच धरली. दूध हळूहळू खाली सरकताना वंदना काचेशी उभी राहून बघत होती. ती वॉर्डात होती तोवर रोज वाटी भरून आणत राहिली. जाताना राजानंदला नंबर देऊन गेली. "लेकीचं कळवा," म्हणाली.

सुजाताच्या पोटात गेलेलं पहिलं अन्न तिच्या आईचं नव्हतं. बाकावर बसून प्रियदर्शनी हे पहिल्यांदाच असं, शब्दांत, स्वतःला सांगत होती. ठाऊक तर होतंच. पण चार वर्षं जे काही शिजवलं, गाळलं, कुस्करलं, ते अशा तोऱ्यात की हिला जगवणारी मी एकटी. आणि ही तर दुसऱ्याच्या वाटीतलं पिऊन उभी राहिली होती. सासूच्या वर धरलेल्या हाताखाली. नाव विसरलेल्या नर्सच्या बोटांनी. आज उषाबाईंच्या बाटलीनं, ओवीच्या अर्ध्या पोळीनं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडू नव्हतं. ऊन लागून आल्यावर सावलीत बसलं की कपाळावर जसा घाम सुटतो तसं काहीतरी होतं. आत मुलं डबे बंद करत होती. ती मिसना भेटलीच नाही. शाळा सुटेपर्यंत तिथंच बसून राहिली आणि सुजाताला घेऊन घरी आली.

वाटेत सुजाता म्हणाली, "उद्या ओवीला जास्त दे दूधभात. तिचं पोट मोठं हाय."

"आणि तुला काय देऊ?"

"मला नको. मला ओवी देती."

दोघी घरी आल्यावर कांताबाई शेजारच्या घरी कुणाच्या तरी बारशाला निघून गेल्या. सुजाता फरशीवर खडू घेऊन बसली. प्रियदर्शनीनं फोन काढला. नंबर होता. "वंदना धावडा" असा, राजानंदनं तेव्हा तिच्या फोनमधे घालून दिलेला. कधीच लावला नव्हता. आधी कळवण्यासारखं चांगलं काही नव्हतं, सारखी ऑपरेशनं, सारखे ताप. आणि चांगलं झाल्यावर तर बोट मुळीच धजेना. जिचं गेलं तिला कोणत्या तोंडानं सांगायचं की माझं राहिलं? आज तिनं विचार केला नाही. लावला.

बराच वेळ वाजला. मग वाऱ्याचा आवाज आला, कुणीतरी बैलांना हाकत होतं. "कोन?"

"मी प्रियदर्शनी. जालन्याहून बोलतेय. दवाखान्यात... तुमच्या बाजूला खाट होती आमची. सुजाताची आई."

  

"नळीवाली?" वंदनानं विचारलं.

"हो."

"हाय का?"

दोनच शब्द. त्यांत चार वर्षं होती.  "हाय," प्रियदर्शनी म्हणाली. "हाय, ताई. शाळेत जाती आता."

"तोंडानं खाती?"

"तोंडानं खाती. काल धपाटं खाल्लं."

पलीकडून जो आवाज आला तो हसण्याचा होता की कशाचा ते सांगता आलं नसतं. मग वंदना दूर कुणाला तरी ओरडून म्हणाली, "ओ, ती दवाखान्यातली पोरगी, धपाटं खाती म्हनं!" आणि तिकडून एका पुरुषाचा आवाज, "कोनती?" आणि तिचा, "माझी, वो. माझ्या दुधाची."

आभार मानावेत म्हणून प्रियदर्शनीनं फोन लावला होता. पण तो शब्द तोंडात आल्यावर समारंभातला वाटायला लागला, हार-नारळासारखा. काय म्हणायचं ते सापडेना, तेव्हा ती भलतंच बोलली. "लई सतावती हो ताई खायला. घरचं खात न्हाई. मी केलेला डबा दुसऱ्या पोरीला देऊन येती. ऐकतच न्हाई." आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की ती तक्रार करतेय. बाकीच्या आया करतात तशी. लेकरू खात नाही म्हणून, लाडानं, सगळ्या जगाला ऐकवत.

"माझा भारत बी तसाच," वंदना म्हणाली. "दोन वर्साचा हाय. भाकर दिली की कुत्र्याला घालून येतो." मग जरा थांबून, आवाज खाली करून, "ताई, एक सांगू? तुमच्या सासूबाईनं मागितलं तवा मला आदी लई राग आल्ता. मंग वाटलं, टाकून द्यायला तं माझा हातच धजत न्हाई. मोरीत कसं वतावं? त्येच्यासाठीच आल्तं ना ते. तुमच्या पोरीनं पेलं म्हनून मी घरी जाऊ शकले. न्हाईतर तिथंच मेले असते मी. कितींदा वाटलं फोन लावावा. पन म्हनलं, न्हाई म्हनून सांगितलं तर?"

 एकीच्या कानात वारा, दुसरीच्या कानात बियाण्याच्या गाडीची टूं टूं. एवढ्यात कुणीतरी प्रियदर्शनीची ओढणी खाली ओढली. सुजाता समोर उभी होती, हात खडूनं पांढरे झालेले, एक तळवा पोटावर टेकवलेला.

"मम्मी, भूक लागली."

प्रियदर्शनी तिच्याकडं बघतच राहिली. हा शब्द सुजाताच्या तोंडून तिनं कधी ऐकला नव्हता. नळी होती तेव्हा घड्याळ बघून दूध द्यायचं, आणि नंतरही घड्याळ बघूनच भरवायचं. पोट मागण्याआधीच पोटात काहीतरी घातलेलं असायचं. मागायची वेळच त्या पोटावर कधी आली नव्हती. डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं, हिला भूक कळते का, आणि तिनं भरवण्याच्या वेळा सांगितल्या होत्या.

"कोन बोलू राह्यलं?" फोनमधून वंदनानं विचारलं.

"तीच. सुजाता." प्रियदर्शनीनं लेकीच्या हातावर हात ठेवला. "भूक लागली म्हणती."

"मंग फोन कशाला धरून बसल्या?" वंदना जवळजवळ ओरडलीच. "ठेवा आदी, ताई. जा, जल्दी घाला लेकराला खायला!"

आणि पलीकडून तिनंच फोन ठेवून दिला.